आडवाटेवरचे कुलूप

"लाज ही चपलेसारखी असते. येताना दाराबाहेर काढून ठेवायची, जाताना आपली आपण घालून जायची. दुसऱ्याची पायात घालायची नाही."

म्हैसाळ रस्त्यावरच्या मणक्याच्या रुग्णालयात, सहजीवन कक्षात रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला मेट्रन सत्वशीला रणपिसे हे ऐकवीत, आणि ते ऐकताना जी खुदकन हसे तिला दुसऱ्याच दिवशी हाडांच्या वॉर्डात धाडीत. 'सहजीवन' हे सोज्वळ नाव विश्वस्तांच्या समाधानासाठी होते. आत मात्र प्रत्येक गोष्ट तिच्या नावानेच बोलली जाई. मणका तुटलेले, पाय गमावलेले, जन्मापासून अंग आखडलेले लोक इथे येत आणि जगाने ज्या प्रश्नांवर तोंड फिरवले होते ते प्रश्न विचारीत. जवळ येण्याआधी लघवीची पिशवी कुठे वळवायची, जखम होऊ नये म्हणून उशी कुठे सरकवायची, मूल होईल का, आणि मूल नकोच असेल तर काय करायचे. सत्वशीलाबाई उत्तरे देत तेव्हा त्यांचा आवाज गोळ्यांच्या वेळा सांगतानाच्या आवाजाहून तसूभरही वेगळा नसे.

एकदा एक आई आपल्या तिशीतल्या मुलाला चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन आली होती. ती म्हणाली, "ह्याला तसलं काही नसतं हो, मेट्रनबाई. देवमाणूस आहे."

"तुम्ही विचारलंत त्याला?"

"अगंबाई! असलं कसं विचारायचं?"

"मग नसतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? देवानं?" बाईंनी दार उघडून धरले. "तुम्ही बाहेर बसा. चहा चांगला मिळतो."

कक्षाचा हा पहिला नियम होता: नातलग दाराबाहेर. दुसरा नियम त्याहून कडक होता. माणसाच्या अंगावर जे काही करायचे ते आधी त्या माणसाला सांगायचे, आणि त्याने 'हो' म्हटल्याशिवाय बोटही लावायचे नाही. सत्वशीलाबाईंची सत्तरी उलटली होती. कक्षाचा कारभार आता त्यांची भाची एस्तेर पाहत होती. भाऊ आणि भावजय एकाच तापात गेले तेव्हा ही पोर परकराच्या वयाची होती. बाईंनी तिला वाढवले, शिकवले, आणि रुग्णाच्या अंगावर हात कसा ठेवायचा हे स्वतःच्या हाताने दाखवले. "ही माझ्या हाताची आहे," असे त्या चारचौघांत म्हणत. मिरजेत याहून मोठे प्रशस्तिपत्र नव्हते.

त्या सोमवारी एस्तेरने बातमी आणली ती दारातूनच सांगितली.

"बुधगावकरांची प्रणोती आडवाट काढून टाका म्हणते, मेट्रन. उद्याच. डॉक्टरांनी होकारही दिलाय."

सत्वशीलाबाईंनी चष्मा काढला.

*

मणका तुटला म्हणून स्पर्श मरत नाही; तो अडतो. पायाच्या बोटाला टोचले तर तिथली नस इमानाने हाक देते, पण ती हाक मेंदूकडे नेणारा मज्जारज्जूचा राजरस्ताच मध्ये खचलेला असतो. मात्र देहात एक जुनी पाऊलवाट आहे. मेंदूच्या तळापासून निघालेली एक लांब नस मज्जारज्जूच्या वाटेला न जाता मानेतून, छातीतून सरळ पोटात उतरते. डॉक्टर तिला व्हेगस म्हणतात. मणका पूर्ण तुटलेल्या काही स्त्रियांना ओटीपोटात खोलवर अंधूक जाणीव उरते ती बहुधा याच नसेमुळे, अशी शंका जुन्या संशोधकांना होती. नव्या पिढीने त्या पाऊलवाटेवरून गाडी नेली. छातीखालच्या त्वचेवर मलमलीहून तलम अशी संवेदक जाळी बसवायची, गळ्याच्या हाडाखाली बोराएवढी डबी ठेवायची. जाळी स्पर्श टिपते, डबी त्याचे स्पंदनांत रूपांतर करते आणि ती स्पंदने मानेतल्या त्या नसेच्या कानात सांगते. कारखान्याने या यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव दिले होते. कक्षात सगळे त्याला 'आडवाट' म्हणत.

यंत्र बसवले की काम संपले असे मात्र नव्हते. उलट तेव्हाच ते सुरू होई. पहिले काही आठवडे मेंदूला काहीच उमगत नाही. गुडघ्यावर बोट टेकवले तर घशात गुदगुल्या होतात, तळवा चोळला तर कान गरम होतो. तान्ह्या मुलाने शिकावे तसा मेंदू आपल्याच देहाची बाराखडी पुन्हा गिरवतो, आणि ती गिरवून घेणे यंत्राला येत नाही. ते परिचारिकेचे काम. पडद्याआड कापसाची वात त्वचेवर टेकवायची, "आता?" म्हणून विचारायचे, रुग्णाने डोळे मिटून जागा सांगायची. त्यातही अधूनमधून एकदा हात हवेतच ठेवून "आता?" विचारायचे. याला 'रिकामा प्रश्न' म्हणत. माणूस दुसऱ्याचे मन राखायलाही 'हो' म्हणतो; रिकामा प्रश्न त्या भिडेला पकडतो.

प्रणोती कधी भिडेला बळी पडली नाही. ती मिरजेतल्या तंबोऱ्याच्या कारखान्यात जवारी लावण्याचे काम करी. तारेखालची घोडी घासून घासून सूर उघडायचा, कानाने ऐकत, केसाइतक्या फरकाने. गाडी उलटून तिचा छातीचा पाचवा मणका तुटला. हात आणि कान मात्र शाबूत राहिले, म्हणून काम सुटले नाही. आडवाट बसवल्यावर जांघेत पहिल्यांदा कापूस कळला तेव्हा ती म्हणाली होती, "तारेखाली रेशमाचा दोरा सरकवत जावं, आणि एका जागी तंबोरा एकदम बोलायला लागावा, तसं झालं." त्या दिवशी तिचा नवरा विश्वजित दाराबाहेरच्या बाकावर बसून होता. द्राक्षांच्या शीतगृहात नोकरी करणारा अबोल गृहस्थ. तिने त्याला आत बोलावून कानात काहीतरी सांगितले आणि तो कानशिलापर्यंत लाल झाला. सत्वशीलाबाईंनी खिडकीबाहेर पाहण्याचे सौजन्य दाखवले होते.

त्यानंतर बरेच महिने चांगले गेले, आणि मग त्या जागी पुन्हा शांतता झाली.

*

"पुन्हा पुन्हा हरवत राहण्यापेक्षा नसलेलं बरं," प्रणोती म्हणाली. खाटेवर पाठ टेकून ती बसली होती. चेहरा घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा कोरडा. "मेंदू थकतो म्हणतात. माझा थकला. कुणाचा दोष नाही त्यात."

"असं कोण म्हणतं?"

"डॉक्टर म्हणाले. विशूला. एस्तेर सिस्टरपण म्हणाल्या, होतं असं कुणाकुणाचं."

एस्तेर कापसाची वात वळत होती. तिने मान वर केली नाही.

"आणि विश्वजितरावांचं काय मत?"

"त्याला काय मत असणार? तो देवमाणूस आहे." प्रणोती हसली, पण ते हसू ओठांवरच राहिले. "त्यालाही मोकळं करणार आहे मी. वकिलांशी बोलून झालंय. तो नको नको म्हणतो. मी म्हटलं, अरे, तू जवळ आलास तर ओल्या पोत्यासारखी पडून असते मी. तुला नाही, पण मला माझी शिसारी येते."

सत्वशीलाबाई स्टुलावर टेकल्या. "जाळी एकदा काढली की त्वचा पुन्हा धरत नाही. माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तर मग शेवटची तपासणी होऊ दे. एस्तेर, तू कर. मी बसते."

पडदा ओढला गेला. प्रणोतीने डोळे मिटले. एस्तेरचा हात सराईतपणे पावलापासून वर येऊ लागला.

"आता?"

"डावा घोटा. बाहेरची बाजू."

"आता?"

"उजवी पोटरी. जरा घाईत आहात, सिस्टर."

"आता?"

"डावा गुडघा. आत."

उत्तर अचूक, उच्चार ठाम. सत्वशीलाबाईंना मनोमन बरे वाटले. गुडघ्यापर्यंत ज्याला सगळे कळते तो मेंदू थकलेला कसा? मग एस्तेरचा हात मांडीच्या मध्यावर आला.

"आता?"

"नाही."

कापूस हवेत होता. रिकामा प्रश्न, बाई मनाशी म्हणाल्या. बरोबर आहे.

"आता?"

"नाही."

हाही रिकामा. लागोपाठ दोन विचारू नयेत असे त्यांनीच शिकवले होते.

"आता?" "नाही." "आता?" "नाही."

बाई पुढे झुकल्या. मांडीच्या मध्यापासून कमरेपर्यंत एस्तेरच्या हातातली वात त्वचेला एकदाही टेकली नाही. हात फिरत होता, थांबत होता, पुढे सरकत होता. पाहणाऱ्याला काही खटकू नये इतका तो तयारीचा होता. पण तो कुठेच उतरत नव्हता. रिकामे प्रश्न पेरायचे असतात. इथे अख्खे शेतच रिकामे होते.

ज्या हाताला उत्तर आधीच ठाऊक आहे, तो हात प्रश्न विचारण्याचे कष्ट घेत नाही. आणि ज्या जागेचा आपण अपराध केला, त्या जागेला हात लावायला तो कचरतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर फिरणारे हात पाहिलेल्या त्या बाईला यापुढचे काही कुणी सांगावे लागले नाही.

"एस्तेर," त्या म्हणाल्या, "चहा सांगून ये. तिघींचा. स्वतः जा."

दार लागल्यावर त्यांनी वात उचलली. "प्रणोती, आता मी तपासते. मांडीवर, वर वर येईन. चालेल?"

"तुम्हाला कधी नाही म्हटलंय, बाई?"

"म्हणता यायला हवं, म्हणून विचारते."

त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात केली. हो, हो, हो, हो, आणि मग नाही. बाईंनी वात कणभर खाली आणली. हो. कणभर वर. नाही. दुसरी मांडी, अगदी त्याच उंचीवर नाही. मागची बाजू; तिथेही तेच. मेंदू विसरतो तेव्हा ओल्या कापडावरचा डाग वाळावा तसा विसरतो, कडा वेड्यावाकड्या ठेवून. इथे शिंप्याने खडूने आखल्यासारखी सरळ रेघ होती, आणि कमरेशी तशीच दुसरी. या दोन रेघांमध्ये जे काही होते ते कुणीतरी कुलूपबंद केले होते.

"उद्याची शस्त्रक्रिया होणार नाही," सत्वशीलाबाई म्हणाल्या.

प्रणोतीने डोळे उघडले. "का?"

"एका गोष्टीची खात्री करायची आहे. ती झाली की सगळ्यांत आधी तुला सांगेन. आजच."

*

आडवाटेला एक धोकाही होता, आणि तो लपवण्यासारखा नव्हता. छातीच्या वरच्या भागात मणका तुटलेल्या माणसाला खालून तीव्र संवेदना आली की रक्तवाहिन्या एकाएकी आवळतात, आणि त्यांना आवरणारा मेंदूचा हुकूम तुटलेल्या रस्त्यावरून खाली पोचत नाही. रक्तदाब झपाट्याने चढतो, डोके फुटायला येते, वेळेवर इलाज झाला नाही तर जीवही जातो. उपाय अवघड नसतो: ताठ बसवायचे, कपडे सैल करायचे, लघवी तुंबली असेल तर मोकळी करायची, औषध द्यायचे. पुढच्या वेळी आधीच गोळी घेता येते, वेग कमी ठेवता येतो. तरीही यंत्रात 'मर्यादा' नावाची सोय होती. देहाच्या एखाद्या भागाची संवेदना तिने बंद ठेवता येई. त्यासाठी डबीशी जोडलेल्या हातयंत्राच्या काचेवर दोन अंगठे लागत, एक परिचारिकेचा आणि एक रुग्णाचा. रुग्ण शुद्धीवर नसेल तरच नातलगाचा अंगठा चाले. आणि शुद्धीवर येताच त्याला सांगून, हवी की नको असे विचारावे लागे.

कापडखान्यात एस्तेर धुऊन आलेल्या चादरी लावत होती. सत्वशीलाबाईंनी एका चादरीची दोन टोके उचलली. एस्तेरने सवयीने उरलेली दोन धरली. दोघी घडी घालू लागल्या.

"मर्यादा कधी लावलीस?"

चादर मध्येच थांबली. "कुठली मर्यादा, मेट्रन?"

"मेट्रन म्हणू नकोस. मेट्रनशी खोटं बोललीस तर फार तर नोकरी जाईल. आत्याशी बोल."

एस्तेरने दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "दिवाळीत. तू नगरला गेली होतीस. तिला आणलं तेव्हा तोंड लालबुंद, दाब यंत्रात मावेना. विश्वजितला ओळखत नव्हती. मी उतरवला दाब, आत्या. मीच उतरवला. आणि मर्यादा लावली. तिच्या जागी त्याचा अंगठा. नियमात बसतं ते."

"बसतं. शुद्धीवर आल्यावर?"

एस्तेरने चादरीचे टोक चुरगळले.

"तो पाय धरून बसला. म्हणाला, सिस्टर, हिला सांगू नका. ही ऐकायची नाही, काढा म्हणेल. मला ही जिवंत पाहिजे. पुरुष माणूस, आत्या, फरशीवर डोकं टेकून रडत होता. मी म्हटलं, आठवडाभर राहू दे, मग सांगू. मग आठवडा गेला. मग ती आली आणि म्हणाली, सिस्टर, काही कळेनासं झालंय. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, होतं असं कुणाकुणाचं. एकदा म्हटल्यावर पुढच्या वेळी काय म्हणणार होते मी?"

"उद्या तिची जाळी कापून काढणार होते. तू तिच्या खाटेपाशी उभी राहणार होतीस. हत्यारं तू देणार होतीस."

"उद्या सकाळी सांगणारच होते!"

"कुणाला? मला की तिला? की पुन्हा त्यालाच?"

एस्तेरचा आवाज चढला. "तुला सोपं आहे. तू नियम केलेस तेव्हा तुझे पाय धरून कुणी रडलं नव्हतं."

"रडले होते. चौघे. मी पाय सोडवून घेतले."

चादर जमिनीला लागली होती. कुणीही ती उचलली नाही. एस्तेर जवळ आली. तिच्या आवाजात आता घाई होती, आणि घाईत एक भलतीच आशा. "ऐक ना. मर्यादा एकदम काढायची नाही. माझा अंगठा आहे, विश्वजितचा आहे. रोज थोडी थोडी उघडायची. तिला वाटेल, मेंदू पुन्हा शिकला. आनंदाने रडेल ती, आत्या. घर राहील तिचं. आणि माझं... मला तू शिकवलंस, हे एवढं..."

सत्वशीलाबाईंना ते चित्र क्षणभर स्पष्ट दिसले. प्रणोतीचा उजळलेला चेहरा, बाकावरून धावत आलेला विश्वजित, एस्तेरच्या गळ्यात पडलेली प्रणोती. एका शब्दाचा प्रश्न होता, आणि तो शब्द न उच्चारणे एवढेच काम होते. कुणाचेच काही बिघडणार नव्हते, फक्त एक स्त्री आपल्याच देहाबद्दल जन्मभर खोट्यावर विश्वास ठेवून जगली असती.

"एकदा भीतीपोटी फसवलंस," त्या म्हणाल्या. "आता आनंदासाठी फसवूया म्हणतेस. लोक आपल्याकडे येतात ते या जगात एक तरी हात खरा असावा म्हणून. तुला मी सगळं दिलं, एस्तेर. माझा हातही दिला. तो तू माझ्या पाठीमागे वापरलास."

एस्तेर रडू लागली. लहानपणी ती रडे तेव्हा बाई तिचे तोंड पदराने पुसत. पदर आजही खांद्यावर होता. बाईंनी तो घट्ट धरून ठेवला.

"तोंड धू. आणि चल. तूच सांगायचंस."

*

विश्वजित खाटेशेजारी मोसंबे सोलत बसला होता. दोघी आत आल्या आणि एस्तेरचे डोळे त्याने पाहिले, तेव्हाच त्याच्या हातातली साल गळून पडली.

एस्तेरने सांगितले. बोलणे चार वाक्यांचेच होते, पण प्रत्येक वाक्याला तिला थांबावे लागले. प्रणोती ऐकत होती, कारखान्यात तार ऐकावी तशी, मान किंचित कलती करून.

"दिवाळीपासून?"

"हो."

ती नवऱ्याकडे वळली. "संक्रांतीला मी रडले होते. आठवतं?"

"प्रणू, माझं ऐकून—"

"काय म्हणाला होतास तेव्हा? सांग ना. मेट्रनबाईंना सांग."

विश्वजितने ओठ ओले केले. "म्हणालो... आपल्याला काय कमी आहे."

"आणि डॉक्टर म्हणतात मेंदू थकतो, ते?"

"ते मीच म्हणालो."

"डॉक्टर नव्हते म्हणाले?"

"नाही."

प्रणोतीने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग ती हसली. "म्हणजे मी माझ्या अंगाला शिव्या देत होते रात्रंदिवस. आणि तू शेजारी पडून ऐकत होतास."

"तू मरत होतीस गं!" विश्वजित ओरडला. "तुझे डोळे माझ्यावर होते आणि तू मला ओळखत नव्हतीस. काय करायला हवं होतं मी?"

"जे केलंस तेच. आणि मी शुद्धीवर आल्यावर मला विचारायला हवं होतंस."

"तू काढा म्हणाली असतीस."

"असेनही. किंवा घाबरून मीच म्हणाले असते, राहू दे. ते आता कुणालाच कधी कळणार नाही. मलाही नाही. तुला मोकळं करते म्हणाले तेव्हा? वकिलाकडे जाऊन आले तेव्हा? तेव्हा तरी?"

त्याने मान खाली घातली. "तेव्हा सांगितलं असतं तर तू खरंच गेली असतीस."

खोलीत मोसंब्याचा वास भरून राहिला होता. प्रणोतीने दाराकडे बोट केले. "विशू, बाहेर बस."

तो गेला.

"सिस्टर," ती एस्तेरला म्हणाली, "तुम्ही लावलं, तुम्हीच काढा. मी बोलले तर ऐकायचं. काय करताय ते मोठ्यानं म्हणायचं, आणि मी हो म्हटल्यावर करायचं."

सत्वशीलाबाईंनी दाबाचा पट्टा तिच्या दंडाला बांधला, पाठ ताठ केली, गोळी कुठे आहे ते दाखवले, डोके ठणकू लागले तर पहिल्यांदा काय करायचे ते तिलाच समजावून सांगितले. मग त्या एका बाजूला झाल्या. त्यांच्या कक्षात त्यांना कुणी बाजूला केले नव्हते. त्या आपणहून झाल्या.

"मी हातयंत्र उघडते आहे," एस्तेर म्हणाली.

"हो."

"माझा अंगठा टेकवते आहे."

"हो."

"आता तुमचा हवा."

प्रणोतीने आपला अंगठा काचेवर ठेवला. काही वाजले नाही, दिवा लागला नाही. बराच वेळ ती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. मग तिच्या तोंडून हळूच आले, "शिवण."

"काय?"

"गादीची शिवण. माझ्याखाली आहे. इतके दिवस मी हिच्यावर बसत होते." आणि ती पहिल्यांदा रडली, आवाज न करता, हनुवटी वर धरून. पट्ट्यावरचा आकडा थोडा चढला आणि स्थिरावला.

एस्तेरने रुमाल पुढे केला. प्रणोतीने तो घेतला नाही.

"तुमचा हात फार चांगला आहे, सिस्टर. मला कापूस पहिल्यांदा कळला तो तुमच्याच हातून. आता तो मला नको."

एस्तेर दाराकडे गेली. उंबऱ्याशी थांबून तिने आत्याकडे पाहिले.

"परिचारिका परिषदेला उद्या मी स्वतः कळवणार आहे," सत्वशीलाबाई म्हणाल्या. "आज घरी जा."

"तू येशील ना घरी?"

बाई खाली पडलेली मोसंब्याची साल उचलायला वाकल्या. एस्तेर थोडा वेळ वाट पाहून निघून गेली.

प्रणोती चाकाच्या खुर्चीत आपली आपण सरकली. तिला माहेरी जायचे होते. भाऊ न्यायला निघाला होता. बाहेरच्या लांब ओसरीत विश्वजित बाकावर होता. तिला पाहताच तो उठला, आणि पुढे काय करावे हे न सुचून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने डोके तिच्या मांडीवर टेकवले.

प्रणोतीचा श्वास अडला. त्या डोक्याचा भार, कपड्यातून झिरपत आलेली आसवांची ऊब, त्याच्या गालाचे खुंट, हे सगळे एकदमच तिच्यापर्यंत पोचले असावे. कारण तिचा हात आपोआप उचलला गेला आणि त्याच्या केसांवर, अगदी वितीभर वर, थांबला.

विश्वजितने मान न उचलता विचारले, "जाणवतंय?"

"हो," ती म्हणाली. "सगळं जाणवतंय. म्हणूनच ऊठ."

तिने दोन्ही हातांनी त्याचे डोके उचलले, हळू, जवारी लागलेला तंबोरा उचलावा तसे, आणि बाजूला केले. मग खुर्ची वळवली.

सत्वशीलाबाईंचा हात जन्माच्या सवयीने खुर्चीच्या मुठीकडे गेला. प्रणोतीने मान वळवली आणि त्या हाताकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता; फक्त पाहणे होते. बाईंचा हात जागच्या जागी थांबला.

"ढकलू का?" त्यांनी विचारले.

"नको, बाई," प्रणोती म्हणाली, आणि आपल्या हातांनी चाके फिरवीत ओसरीच्या टोकाकडे निघाली.